पेडणेकरांचं निम्मं गाणं

पेडणेकर चहाला आले की मी आधी भांडी आत ढकलायचे. नाहीतर हा माणूस मांडणीपाशी जाऊन एकेका पातेल्यावर टिचकी मारणार, कान लावणार आणि चेहरा पाडून सांगणार, "वहिनी, ह्याचा सूर उतरलाय हो! ऐका तरी!"

"आमटी बिघडली नाही ना? मग झालं!"

दापोडीच्या आमच्या चाळीत ते मालवणकडून आले, तेव्हा नवरा-बायको दोघंच होते. मूलबाळ दिसलं नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. पेडणेकर पंपांच्या कंपनीत होते. शिफ्ट सुटली की सायकल हाणत काळेवाडीला, बँडवाल्याच्या गाळ्यात व्हायोलिन वाजवायला. कारण माई, म्हणजे त्यांची बायको, घरात वाजवू देत नसे.

तिथे त्यांनी चौकडी जमवली: स्वतः, लग्नाच्या बँडमधला क्लॅरनेटवाला, एक पेटीमास्तर आणि एक जलतरंगवाला. गाणारं कुणी नाही, तबला नाही. सगळं नवं, पेडणेकरांनीच रचलेलं.

"राग कुठला?" मी विचारलं.

"कुठलाच नाही."

"मग ऐकायचं काय, कपाळ?"

ते हसले. "आमच्या हिनं एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच आहे, वहिनी. यायचं कबूल केलंय तिनं."

समाजमंदिरात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. चहा फुकट, म्हणून अख्खी चाळ लोटली. माई माझ्या शेजारी बसली. वाजायला लागलं ते, काय सांगू, कुणी कण्हत असल्यासारखं. मागून एकजण ओरडला, "तेल घाला राव!" पण हळूहळू सगळे गप्प झाले. आणि एकदम चौघंही थांबले. वाद्यं तशीच धरलेली, आवाज नाही.

आमच्या मंडळाचे चिटणीस मोरेभाऊ. भर सभेत अशी शांतता म्हणजे त्यांच्या लेखी एकच गोष्ट: श्रद्धांजली. मान खाली घालून ते उभे राहिले. ते उठले म्हणून सगळे उठले, पोरांना दंडाला धरून उठवलं. कोण गेलं ते कुणालाच ठाऊक नाही! माईही उठली. तिचे डोळे वाहत होते.

मग मोरेभाऊ स्टेजवर चढले आणि चौघांच्या गळ्यात हार घातले. क्लॅरनेट हारात अडकली. "मंडळाच्या वतीनं आमी आभार मानतो. च्या घेतल्याबिगर कुनी जायाचं न्हाई!"

झालं, सगळे चहाकडे.

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच पेडणेकरांना गाठलं. "अहो, थांबवायचं की मोऱ्यांना! निम्मं राहिलं ना तुमचं?"

"राहिलं. थांबलो तिथवर आमच्या मुलीचं, शकूचं आजारपण होतं. लहानच होती, गावाकडे असतानाच गेली. पुढच्या भागात ती अंगणात खेळते, हसते. तेच ऐकवायचं होतं हिला."

इतकी वर्षं भिंतीला भिंत, आणि आम्हाला पत्ता नाही! "मग आता घरी वाजवा," मी म्हणाले.

"काल हिनं आपणहून शकूचं नाव घेतलं, वहिनी. किती वर्षांनी! ते कण्हणं शकूचंच, हे तिनं ओळखलं होतं. म्हणाली, एवढी माणसं आपल्या पोरीसाठी उभी राहिली, आता मला आणखी काही ऐकायचं नाही. तिला कसं सांगू, मोऱ्यांची चूक झाली म्हणून?"

ते निम्मं त्यांनी कधीच वाजवलं नाही. चौकडीही पांगली. माझं ते ऐकायचं राहिलं, याची चुटपुट आजही जात नाही. पण चाळीत कुणी मोरेभाऊंच्या त्या उभं राहण्यावर हसायला लागलं की मी त्याला तिथंच गप्प करायचे. माईच्या कानावर जायला नको.