आवडलं म्हणाले

"काय म्हणाले?" पिशवीवाल्याने दारातूनच विचारलं, आणि मुलीच्या तोंडून निघून गेलं, "म्हणाले, शेवट घाईत उरकलाय."

वडील जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. नातेवाईक आपापल्या घरी गेले होते, शेजारून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या होत्या, आणि घरात एवढी शांतता होती की दारावरची घंटा वाजली तेव्हा मुलगी दचकली. पिशवीवाल्याला काही कळलं नव्हतं, कारण कळवायच्या यादीत तो कुणाला आठवलाच नव्हता. सार्वजनिक वाचनालयाच्या घरपोच सेवेचा तो माणूस. ज्यांना जिना उतरवत नाही अशा वाचकांकडे दर गुरुवारी सायकलवरून जायचं, दोन पुस्तकं द्यायची, दोन परत न्यायची. वडिलांना त्याने फारसं पाहिलेलं नव्हतं. आतल्या खोलीतून आवाज तेवढा यायचा, तोही तक्रारीचा.

"घाईत उरकलाय," पिशवीवाल्याने पाठ केलं. "बाईंना सांगतो. आज आतून आवाज नाही?"

"पडलेत जरा."

तो नवी पुस्तकं ठेवून गेला. मुलगी बराच वेळ दार धरून उभी होती. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण गेला आठवडाभर जो तो वडिलांबद्दल 'होते', 'करायचे', 'म्हणायचे' असंच बोलत होता. ते काय म्हणाले हे अजून विचारणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि खरं सांगितलं असतं तर पुढच्या गुरुवारी तोही आला नसता.

पुढच्या गुरुवारी सांगू, असं तिने ठरवलं. पुढच्या गुरुवारी तिने सांगितलं की नायिका फार रडते.

या अभिप्रायांना जुनी परंपरा होती. वडिलांची सगळी नोकरी रेल्वेचं वेळापत्रक आखण्यात गेली. त्यामुळे कादंबरीतलं प्रेम, खून, पश्चात्ताप हे सगळं त्यांना चालायचं, फक्त ते वेळेवर व्हायला हवं असे. "हा संध्याकाळी घरातून निघतो आणि सकाळी सरहद्दीवर पोचतो," ते आतून ओरडायचे. "कसा? मधे गाडी बदलावी लागते. बाईंना म्हणावं, लेखकाला नकाशा द्या." पिशवीवाला हे तोंडपाठ करून ग्रंथपालबाईंकडे न्यायचा, आणि बाई तोडीस तोड उत्तर पाठवायच्या. "त्यांना म्हणावं, तो घोड्यावरून गेलाय. पान उलटायच्या आधी वाचायचं असतं." दोघांची प्रत्यक्ष भेट शेवटची कधी झाली होती हे दोघांनाही आठवत नव्हतं, पण भांडण टवटवीत होतं. बाई स्वतः कपाटापाशी उभ्या राहून त्यांच्यासाठी पुस्तकं निवडत. या माणसाला एकदा तरी एखादं पुस्तक आवडायला लावायचं, असा त्यांनी पणच केला होता.

आता मुलीला दर आठवड्याला दोन पुस्तकं वाचावी लागू लागली. नुसती वाचून भागत नव्हतं, वडिलांच्या नजरेने वाचावी लागत होती. ती रात्री जुनी वेळापत्रकं काढून गाड्यांचा मेळ बसतो का पाहायची. तरी कुठेतरी कमी पडायचीच.

"हल्ली मवाळ झालेत, असं बाई म्हणत होत्या," पिशवीवाल्याने एकदा सांगितलं. "तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम आहे," मुलगी म्हणाली आणि घाईघाईने भर घातली, "म्हणाले, असलं पुस्तक छापणाऱ्याचा कागद बंद करा."

पिशवीवाल्याचा चेहरा उजळला. "हां. आता बरे वाटतात."

असे महिने गेले. आणि मग ती दीपगृहाची कादंबरी आली. दोन म्हाताऱ्या बहिणी, एक दिवा, आणि कधीतरी येणारी बोट, एवढीच गोष्ट. मुलीने ती एका बैठकीत वाचली, संपल्यावर तोंड धुतलं, आणि तेवढ्यात घंटा वाजली.

"काय म्हणाले?"

"आवडलं," मुलगी म्हणाली.

पिशवीवाल्याने सायकल भिंतीला टेकवली. "काय?"

"आवडलं म्हणाले."

"ताई, नीट ऐकलंत ना? एकदा परत विचारून या."

ती आत गेली. वडिलांच्या खुर्चीपाशी क्षणभर उभी राहिली आणि परत आली. "हो. आवडलं."

एरवी तो दमादमाने पायडल मारायचा. त्या दिवशी कोपऱ्यावर तो एवढ्या वेगाने वळला की भाजीवाल्याने त्याच्या सात पिढ्या काढल्या.

वाचनालयाची वार्षिक सभा तोंडावर आली होती. अध्यक्षांनी बाईंना बजावलं होतं की गेल्या वर्षी अहवाल ऐकताना पहिली रांग झोपली होती आणि त्या रांगेत ते स्वतः होते. यंदा अहवालात काहीतरी जिवंत हवं. कामं पुष्कळ झाली होती. मोठ्या टायपाच्या पुस्तकांचं नवीन कपाट आलं होतं, ज्यांना सरकारी अर्ज भरता येत नाहीत त्यांच्यासाठी शनिवारची बैठक सुरू झाली होती, मुलांच्या कोपऱ्यातलं छप्पर गळायचं थांबलं होतं. पण यातलं जिवंत काय? बाईंनी विचार केला आणि वर्षाच्या कामगिरीत सगळ्यात वर लिहिलं, की घरपोच सेवेच्या एका ज्येष्ठ वाचकांना एक पुस्तक आवडलं. मग त्यांनी फोन उचलला.

"त्यांना सभेला आणायचंच. सत्कार करायचाय."

"त्यांना जिना उतरवत नाही, बाई."

"खुर्चीत बसवून आणू. आमचे दोघे शिपाई कपाटं हलवतात, हे काय आहे."

"डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हटलंय."

"मग आम्ही येतो. कार्यकारिणी सात जणांची आहे. चहाची खटपट करू नका."

मुलीच्या डोळ्यांपुढे सात माणसं रिकाम्या खुर्चीला गुच्छ देताना उभी राहिली. "त्यांना गर्दी सोसत नाही," ती म्हणाली.

"बरं. मग फोनवरून दोन शब्द. आम्ही इकडे स्पीकरला लावतो." आणि मग बाईंचा आवाज एकदम खाली आला. "एवढं तरी बोलतील ना हो? माझ्याशी इतकी वर्षं भांडलेत. मला एकदा ऐकायचंय."

या वाक्यावर खरं सांगून टाकायला हवं होतं. मुलीने तोंडही उघडलं होतं. "बोलतील," ती म्हणाली.

बोलणार कोण, हा प्रश्न उरला. वडिलांसारखा आवाज जगात एकाचाच होता, तो म्हणजे काकांचा. काकांचं कुलुपांचं दुकान पलीकडच्या गल्लीत होतं. शहरातलं कुठलंही कुलूप ते उघडत, पण स्वतःचं तोंड मात्र थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, विचारल्याशिवाय उघडत नसत. दाढ काढावी का, दुकानाला हिरवा रंग द्यावा का निळा, शेजाऱ्याशी भांडण झालं तर त्यात चूक कोणाची, सगळं ते रोज संध्याकाळी येऊन दादाला विचारायचे. दादा गेल्यावरही ते संध्याकाळी यायचे आणि खुर्चीसमोरच्या स्टुलावर बसून राहायचे. दुकान अजून अर्धं हिरवं होतं.

"मी दादा म्हणून बोलू?" काका म्हणाले. "अगं, लाज नाही वाटत? आणि पुस्तकातलं मला काय कळतं? मी वाचलेलं शेवटचं पुस्तक शाळेचं होतं, तेही अर्धंच."

"दोनच वाक्यं आहेत, काका."

"दादा असता तर एक कानाखाली दिली असती मला."

"त्यांनी तुम्हाला कधी मारलं नाही."

"मी कधी विचारल्याशिवाय काही केलंच नाही ना."

पण सभेच्या दिवशी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून. "फोनवर दिसत नाही, काका," मुलगी म्हणाली. "दादाचं नाव आहे," ते म्हणाले आणि स्टुलावर ताठ बसले.

फोन आला. आधी बाई अहवाल वाचताना ऐकू आल्या, मग टाळ्या, मग खरखर. "आपले ज्येष्ठ वाचक बोलतील," बाई म्हणाल्या. मुलीने काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुस्तक बरं होतं," काका म्हणाले. तोच आवाज, तोच रुक्षपणा. मुलीच्या अंगावर काटा आला. "पण तिसऱ्या प्रकरणातली बोट भरतीच्या वेळेआधीच पोचते. असो. आभारी आहे."

सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या. दोन्ही वाक्यं संपली होती. मुलगी फोन ठेवायला हात पुढे करणार, तेवढ्यात अध्यक्षांनी माइक घेतला. त्यांना कित्येक वर्षांत प्रथमच सभेत कुणी जागं दिसत होतं आणि त्यांना ते सोडवेना.

"एक मिनिट, साहेब. तुमच्यासारख्या वाचकाचं मार्गदर्शन हवं. पुढच्या वर्षी आम्ही वाचनकक्ष मोठा करावा, की घरपोच सेवा वाढवावी? दोन्ही जमणार नाही. तुम्ही म्हणाल तसं."

एवढा मोठा प्रश्न काकांना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मुलगी ओठ हलवून 'घरपोच, घरपोच' म्हणत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते सवयीने समोरच्या खुर्चीकडे वळले आणि फोनमध्ये म्हणाले, "थांबा हं. दादाला विचारून सांगतो."

मग त्यांच्या लक्षात आलं. फोन हातात तसाच राहिला. दोघं एकमेकांकडे पाहत बसली.

"म्हणजे," अध्यक्षांचा आवाज आला, "यांना मोठे भाऊसुद्धा आहेत? अहो, मग त्यांचं वय काय असेल? आणि तेही वाचतात?" सभागृहात कौतुकाची कुजबुज पसरली. "बाई, लिहून घ्या. या वाचकांच्या दादांनासुद्धा पुढच्या गुरुवारपासून सभासद करून घ्यावं. सर्वानुमते मंजूर?"

मंजूर झालं. टाळ्या थांबेनात. त्यात बाईंचा आवाज कुठे नव्हता.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. दारात पिशवीवाला नव्हता, ग्रंथपालबाई होत्या. हातात गुच्छ होता, सत्काराचाच, थोडा कोमेजलेला. जिना चढून त्यांना दम लागला होता.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मुलीने सांगितलं. बाई वडिलांच्या खुर्चीत बसायला गेल्या, मग थबकल्या आणि पलीकडे पलंगावर बसल्या. स्टुलावर काका होते. त्यांनी मान इतकी खाली घातली होती की फक्त भांग दिसत होता.

"मग इतके महिने मी कोणाशी भांडत होते?"

"माझ्याशी," मुलगी म्हणाली. "चुकलं माझं, बाई."

"आवडलं म्हणाले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण म्हटलं, म्हातारपणी माणूस सुधारतो कधीकधी." बाई काही वेळ गुच्छाचा दोरा नीट करत राहिल्या. "शेवटचं कुठलं वाचलं त्यांनी? खरं सांगा."

"तुम्ही पाठवलेलं डोंगराचं. अर्धं झालं होतं."

"म्हणजे अभिप्राय नाही."

"नाही."

बाईंनी गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि चष्मा पुसला. पुसायला बराच वेळ लागला. मग त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं आणि आवाज कामकाजाचा केला.

"त्यांचं कार्ड मला बंद करावं लागेल. तुम्हाला घरपोच पुस्तकं देता येणार नाहीत, तुमचे पाय धडधाकट आहेत. वाचनालयात यायचं, रांगेत उभं राहायचं. पण काल ज्यांचा सत्कार झाला, ज्यांच्या भाषणाला टाळ्या पडल्या, ते वाचक तर हयात आहेत." त्या काकांकडे वळल्या. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात," काका घाबरून म्हणाले.

"उत्तम. ही तुमची दोन पुस्तकं. आणि अभिप्राय तुमचा स्वतःचा हवा. हिचा चालणार नाही, ही फार मवाळ आहे."

"मला वाचता येतं, पण..." काकांची नजर खुर्चीकडे गेली. तिथे गुच्छ होता. त्यांनी पुस्तकं घेतली.

त्या आठवड्यात कुलुपांचं दुकान दुपारी बंद राहू लागलं. काका स्टुलावर बसून, ओळीखाली बोट धरून वाचत. मधेच थांबून विचारत, "हा बायकोला सोडून का गेला?" मुलगी म्हणे, "पुढे कळेल." काका म्हणत, "मला आत्ता राग आलाय त्याचं काय?" मग त्यांच्या हाताखालून पुस्तक कधी सुटलं की ती स्वयंपाक ठेवून वाचायला बसे.

गुरुवारी घंटा वाजली. पिशवीवाल्याला आता सगळं ठाऊक होतं. दारात उभं राहून त्याने आधी उगाच चप्पल झटकली, पिशवी खांद्यावर सारखी केली, आणि मग हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

काकांनी मुलीकडे पाहिलं नाही, खुर्चीकडेही नाही. "नाही आवडलं," ते म्हणाले. "नालायक माणूस आहे तो. आणि लेखकाला त्याची कीव येते. कशाला?"

"काका, शेवटच्या प्रकरणात तो परत येतो," मुलगी आतून म्हणाली.

"उशिरा येतो."

"येतो ना पण?"

"तू गप. सभासद कोण आहे?"

"तुम्ही ते प्रकरण वाचलंय का तरी?"

"चाळलंय. माणूस कळायला तेवढं पुरतं."

"असं कसं पुरतं? आधी बसून नीट वाचा आणि मग बोला."

पिशवीवाला एकदा काकांकडे, एकदा मुलीकडे पाहत राहिला. त्याला अजून चार घरं करायची होती. शेवटी त्याने पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसकण मारली.

"तुमचं मिटलं की सांगा," तो म्हणाला. "मी थांबतो."