कोरड्या नावेतील जलप्रवासाची हकीकत

श्रीचक्रधराचे चरणी दंडवत, आणि जलदेवतेसही दंडवत, कारण या हकीकतीत उभयतांचे काम आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरी, घाटमाथ्याकडील एका राज्यी रायाजीराजे राज्य करीत होते. राजांस सायकलीचा नाद भारी. पहाटे स्वारी निघावी, ती दिवस कलता यावी, आणि जेवून घोरत पडावी. राणी गजराबाईसाहेब ताट वाढून बसत, आणि बोलणे काय ते "भात वाढू?" इतकेच होई. राजांचे मनी एकच, की दसऱ्यास घाट चढावा तो सर्वांआधी. परंतु ऐन शेवटच्या वळणी कंबर धरी, आणि सरदार मुजरा करीत पुढे निघोन जात. मग वैद्यराज बोलिले, "महाराज, मांड्या पोलादी, पण पाठ अगदीच मेणाची. पावसाळाभर कोरडी नाव वल्हवावी." टोपीकर जीस रोइंग मशीन म्हणतात ती ही: पाट रुळावर सरकतो, मूठ ओढली की टाकीतले पाणी घुसळते, आणि नाव मात्र तसूभर हालत नाही.

वैद्यांनी दोन नावा आणविल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणोन. राजे बसले आणि सायकल हाणावी तैसे लगबगीने हाणू लागले; पाट खाडखाड आदळे, मूठ गुडघ्यास लागे, आणि राजे कोकलत. राणीसाहेबांचे माहेर खाडीकाठचे. त्यांस हसू आवरेना. म्हणाल्या, "अहो, पाणी आहे ते, शत्रू नव्हे! आधी पाय रेटावे, मग पाठ, सरतेशेवटी हात. आणि परतताना सावकाश." ऐसे बोलोन पदर खोचिला आणि राजांचे उजवे हाती दुसऱ्या नावेत बसल्या. मग काय सांगावे! दोन्ही मुठी एकदम येत आणि एकदम जात, आणि पाणी सळसळे, आणि बाहेर धुके ऐसे दाटले की दिवाणखाना कोठे संपतो ते कळेना. राजांस भासले की भिंती मागे राहिल्या, आणि आपण खाडीतून चाललो, आणि दोहोंकडे तिवरांची झाडे. "तो बगळा पाहिलात?" राजे पुसते जाहले. "केव्हाचा," राणीसाहेब बोलिल्या. ऐसे रोज चालिले. राणीसाहेबांस अंधाराचे भय वाटते, हे राजांस तेव्हा कळले. आणि राजांस भात मुळीच आवडत नाही, हे राणीसाहेबांस.

पुढे आश्विन लागला, घाट मोकळा जाहला, आणि राजांची कंबर दुखेनाशी जाहली. राजवाड्यात पेढे वाटिले. राणीसाहेब मात्र वैद्यांस बोलिल्या, "त्यांस बरे वाटले, याचेच मला वाईट वाटते हो. आता कशाचे बसतात माझ्याशेजारी! देव मला क्षमा करो." दसऱ्यास राजे घाट चढले, आणि शेवटच्या वळणी सरदारांस मागे टाकिले, आणि माथ्यावर सर्वांआधी उभे राहिले. खाली दरीत धुके पसरले होते. राजे उजवीकडे वळोन म्हणाले, "पाहिलेत?" आणि तेथे कोणी नव्हते. नौबत वाजत होती. राजे तैसेच उतारास लागले.

दिवाणखान्यात राणीसाहेब एकट्याच वल्हवीत होत्या. राजे धुळीने भरलेले, तैसेच शेजारच्या नावेत बसले. राणीसाहेबांनी मान वळविली नाही. "उशीर केलात," म्हणाल्या. "हो, फारच केला," राजे म्हणाले, आणि राणीसाहेबांची मूठ परत येईतो थांबले, आणि मग संगे ओढू लागले.

येणेप्रमाणे पाठ बळकट जाहली, ते वैद्यांचे यश. घाट जिंकिला, ते राजांचे. नावा पुढे कोठवर गेल्या, हे आम्ही दाराशी उभे राहोन पाहिले नाही. तितकी अक्कल आम्हांस आहे.