दिगंबरराव आणि न लागणारा सेल्फ

दिगंबरराव गाडीला हात लावण्यापूर्वी मालकाला तिचा आवाज तोंडाने काढायला लावतात. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो आहे. अंबडमधील आमच्या गल्लीत, भर सकाळी, भाजीवालीच्या देखत मला "टक" असे म्हणावे लागले.

"तसं न्हाई सर. एकदाच टक, का टक-टक-टक?"

"एकदाच."

"मंग म्हणून दाखवा ना एकदाच."

मी म्हटले. भाजीवाली हसली.

प्रश्न साधा होता. माझ्या मोटारसायकलचा सेल्फ लागत नव्हता. बटण दाबले की आतून एक टिचकी ऐकू येई आणि पुढे शांतता. किक मारणे माझ्या गुडघ्याला मानवत नाही. तशीही गाडी मला चालवायची नव्हतीच. मुलाने मला कायमचे पुण्याला बोलावले होते. घराची व्यवस्था लागली होती, उरली होती ती गाडी. बदनापूरच्या एका शिक्षकाने ती पसंत केली. सेल्फ तेवढा दुरुस्त करून द्या, म्हणाला. म्हणजे सेल्फ लागला की गाडी जाणार आणि मीही जाणार.

शेजारधर्म म्हणून ही हकीकत मी दिगंबररावांना सांगितली. तेव्हापासून गाडी त्यांच्या ओट्यापाशी आहे.

दिगंबरराव पूर्वी विहिरीवरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देत. पत्नी गेल्यावर त्यांनी दुकान बंद केले. मोटर उघडण्याची सवय बंद झाली नाही. गल्लीतील बहुतेक पंखे आणि मिक्सर त्यांच्या हातून गेले आहेत. काही परतही आले आहेत. "पाच एचपीची असो का ही बारकी, मोटर ती मोटर," हे त्यांचे तत्त्व. मी गॅरेजचे नाव काढले तेव्हा ते दुखावले.

"गॅरेजवाला काय करंल? जुनी काढंल, नवी बसवंल. त्याला इलाज म्हणत न्हाईत सर."

इलाज सुरू झाला. प्रथम संशय बॅटरीवर आला. दिवा प्रखर लागत होता, हॉर्नने गल्ली दणाणत होती. तरीही बॅटरी उतरवली गेली. नंतर रिले, म्हणजे बटण दाबताच मोटरीकडे वीज सोडणारी डबी. त्याच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवून त्यांनी एक मोठी ठिणगी पाडली आणि "रिले बेकसूर आहे" असा निकाल दिला. मग मोटर बाहेर निघाली. आतील कार्बन, म्हणजे फिरत्या तांब्याला वीज पोचवणारे ठोकळे, झिजले होते, तांब्यावर काजळी होती. निदान झाले. त्यानंतर मोटर जोडली जाईना. रोज सकाळी मला बोलावणे येई, चहा येई आणि तीच मोटर पुन्हा उघडली जाई.

"आज जोडणार?"

"जल्दी करू नका सर. कार्बन भेटून न्हाई राह्यले."

शिक्षकाचे फोन येऊ लागले. उत्तरे देऊन मी थकलो.

"दिगंबरराव, गिऱ्हाईक हातचे जाईल."

"जाऊ द्या. त्याचा चेहराच गाडी सांभाळणाऱ्याचा न्हाई."

तो चेहरा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

अखेर मी स्वतःच स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो आणि कार्बन मागितले. गाडी कोणती हे ऐकून दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला.

"दिगंबरभाऊनं तर मागल्या बाजारालाच नेले की सर. इथंच बसवले. माझ्या बॅटरीवर लावून पाह्यली मोटर. बिलकुल बराबर फिरली."

मी परतलो तो कडक बोलण्याच्या तयारीने. वाक्ये वाटेतच जुळवली होती.

दिगंबरराव ओट्यावर बसले होते. मोटर उघडी होती. आधीच चकाकणारे तांबे ते पॉलिश पेपरने घासत होते. शेजारी चहाचे दोन पेले होते. त्यांपैकी एक निवू नये म्हणून बशीने झाकला होता.

"कुठं गेल्ते सर?"

"स्पेअर पार्टच्या दुकानात."

घासणे थांबले. त्यांनी मान वर केली नाही. मी चपला काढून त्यांच्या शेजारी ओट्यावर बसलो.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. गाडीचे काय झाले, त्याने विचारले.

दुरुस्ती चालू आहे, वेळ लागेल, असे मी सांगितले आणि पेल्यावरची बशी काढली.