हरवलेल्या वस्तूंचा डॅशबोर्ड

आमच्या ऑफिसात आकड्यांचे रिपोर्ट करणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि साहेबांनी फर्मान काढलं: दोन आठवड्यांत प्रत्येकाने सरावाचा एक प्रोजेक्ट करून दाखवायचा. ज्याला जमणार नाही, त्याची रवानगी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये. (तिथे पाठवलेला मागचा कारकून आपण निवृत्त झाल्याचं वर्षभराने समजून वर आला, असं म्हणतात. मी त्याला पाहिलंय. उजेडात डोळे मिचकावत होता.)

शिकवायला आलेल्या बाई म्हणाल्या, "डेटा कुठलाही चालेल. अगदी घरचासुद्धा."

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्या घरात वस्तू हरवतात. याला बायकोची आवराआवर कारणीभूत आहे, असं माझं बावीस वर्षांचं ठाम मत. ते तोंडाने मांडण्याची हिंमत नव्हती. आता रंगीत आलेखात मांडता येणार होतं.

मी फ्रिजच्या दाराला वही टांगली. रकाने पाच: वस्तू, कोणी हरवली, कोणाला सापडली, कुठे, किती वेळात.

"यात खरं लिहायचं," बायकोने विचारलं, "की तुमच्या ऑफिसात लिहितात तसं?"

"खरं," मी बेसावधपणे म्हणालो.

दोन आठवड्यांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. एकेचाळिसावी नोंद खुद्द त्या वहीचीच होती. कुठे सापडली, या रकान्यात कन्येने लिहिलं होतं: 'फ्रिजच्या आत'.

शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी मी सगळ्या नोंदी टाइप केल्या. न वाचता. समोरचा कागद वाचून टाइप करणं म्हणजे लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवणं, अशी आमच्या खात्याची जुनी रीत आहे. मग बाईंनी सांगितलेलं बटण दाबलं आणि काय सांगू, पडदा उजळला. खांब उभे राहिले. रेघा चढल्या-उतरल्या. मधोमध एक भलंमोठं वर्तुळ फुललं. माझ्या घरातला पसारा इतका देखणा असेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. मी हात जोडायचेच बाकी होते.

"बाबा," कन्या मागून म्हणाली, "तो लाल भाग वाचा."

वर्तुळ जवळजवळ सगळंच लाल होतं. 'हरवणारे: बाबा, ९४ टक्के.' खाली दोन खांब. माझा शोधण्याचा सरासरी वेळ सव्वीस मिनिटं; खांब पडद्याबाहेर जाऊ पाहत होता. बायकोचा अडतीस सेकंद. तो खांब की चुकून पडलेला ठिपका, ते चष्मा लावून पाहावं लागलं. (चष्मा तिनेच आणून दिला. चौसष्टावी नोंद.)

मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिलो. अडतीस सेकंद! "तुला सापडतं कसं गं?"

"मी वस्तू शोधतच नाही," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "तुम्ही शेवटचे कुठे वेंधळ्यासारखे उभे होतात, तेवढं आठवते."

असलं ज्ञान माझ्या शेजारी बावीस वर्षं घोरत होतं, आणि मला पत्ता नव्हता.

पण उद्या चार वाजता हे साहेबांना दाखवायचं होतं. मी फिल्टर लावून स्वतःचं नाव वगळलं. वर्तुळ गेलं, खांब गेले; कोपऱ्यात कन्येचा एक हेअरबँड आणि तीन पेनं उरली. पुन्हा नाव घातलं आणि लाल रंगाच्या जागी छानसा हिरवा भरला.

शुक्रवारी साहेब पडद्यासमोर उभे राहिले. "वा. हा हिरवा भाग कशाचा?"

"प्रगतीचा, साहेब."

साहेबांनी जवळ जाऊन वाचलं. मग सव्वीस मिनिटांचा खांब वाचला. मग वहीपुढचं 'फ्रिजच्या आत' वाचलं. मला तळघरातल्या कागदांचा वास येऊ लागला.

"प्रोजेक्ट उत्तम जमलाय," ते शेवटी म्हणाले. "आणि जमला नसता, तरी तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये धाडलं नसतं. तिथे चाळीस वर्षांचे कागद आहेत हो. तुम्ही इथेच बसा, माझ्या नजरेसमोर. आणि कशाला हात लावू नका."

मी तरंगतच घरी आलो. रेकॉर्ड रूम टळल्याचं सांगितलं, साहेबांचे शब्दही जसेच्या तसे सांगितले.

"दोन आठवड्यांच्या नोंदींवरून ओळखलं त्यांनी तुम्हाला?" बायको थक्क होऊन म्हणाली. "त्या रिपोर्टची एक प्रिंट आणा. माझी आई अजून सगळ्यांना सांगत फिरते, जावई हुशार मिळाला म्हणून."