अण्णांची धाकटी

अण्णा राऊतांच्या मोटारीबद्दल काही वाईट बोलायचं असेल, तर आधी अंगणातल्या आंब्यापलीकडे जावं लागे. मोटारीजवळ उभं राहून कुणी नुसतं "अण्णा, हिचा आवाज जरा..." एवढं म्हणालं, की अण्णा ओठांवर बोट ठेवत, त्याच्या दंडाला धरून त्याला आंब्यापलीकडे नेत आणि मग म्हणत, "हां, आता बोला. तिथं नको. ऐकते ती."

मला आधी वाटलं, थट्टा करतात. कसली थट्टा!

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन बोईसरला आले तेव्हा तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि आमचे हे तिथं नकाशे काढायच्या कामाला होते. जागा कुठंच मिळेना, म्हणून राऊतांच्या घरातल्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. पहिल्याच दिवशी मी अण्णांना विचारलं, "ही जुनी गाडी जरा हलवता का? मला वाळवणाला ऊन हवंय." अण्णांचा चेहरा पडला. आंब्यापलीकडे नेऊन मला म्हणाले, "सूनबाई, जुनी नाय म्हणायचं. वयानं मोठी म्हणा."

गाडी काळी, विलायती, लढाईच्या आधीची. कुणी पारशी बागायतदार वाडी विकून मुंबईला गेला, त्याच्याकडून अण्णांनी ती घेतली होती. समोर हँडल घालून गरगरा फिरवलं, की ती आधी खोकायची, मग शिंकायची आणि मग सगळ्या आळीला कळायचं, अण्णा निघाले. अण्णांची स्टेशनाजवळ गवताची वखार होती. डोंगराकडच्या पाड्यांतून कापून आलेलं गवत दाबयंत्रात घालून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांसाठी वॅगनीत भरायच्या, हा धंदा. त्यामुळे गाडीत बसून उतरलेल्या माणसाच्या अंगाला दिवसभर गवत टोचत राही.

बायकोला अण्णा 'थोरली' म्हणत आणि गाडीला 'धाकटी'. दसऱ्याला धाकटीला झेंडूचा हार, थोरलीला गजरा. मी एकदा माईंना, म्हणजे थोरलीला, विचारलं, "तुम्हाला राग नाही येत हो?" माई नुसत्या हसल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या. माई तशा बोलतच नसत. अण्णा दोघांचं मिळून बोलत.

एका दुपारी बातमी आली, की अण्णांची गाडी नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबलांत घुसली! कोळ्यांनी बोंबील सुकवायला बांबूंचे लांबलचक मांडव घातलेले असतात ना, त्यातले दोन मांडव आडवे करून गाडी थेट वर ओढून ठेवलेल्या होडीवर जाऊन आदळली होती. संध्याकाळी बैल जुंपून धाकटीला घरी आणलं तेव्हा अख्खी आळी गोळा झाली. नाक चेपलेलं, एक दिवा लोंबतोय, पुढची काच गेलेली, आणि जिथं जागा मिळेल तिथं बोंबील! टपावर बोंबील, चाकात बोंबील, अण्णांच्या टोपीत बोंबील. मागून माई आल्या, पदर कपाळावर ओढलेला, त्याखाली हे एवढं टेंगूळ.

आणि अण्णा? मला वाटलं, माणूस रडेल. पण गडी खुशीत! डोळे चमकतायत, हात हलवून सांगतायत, "काय वेग होता सूनबाई, काय वेग! होडी मध्ये नसती तर डहाणूला पोचलो असतो!"

लोकांना काय, आयतं खाद्यच मिळालं. "अण्णा, बोंबील आणायला एवढ्या आत जावं लागतं होय?" "अण्णा, आता पन्नाशी उलटली, हातातलं चाक सोडा." अण्णा सगळ्यांपुढे मान डोलावत. आळीतली मांजरं मात्र पुढचे कित्येक दिवस गाडीखालून हलायला तयार नव्हती.

दुरुस्तीला पैसा हवा होता आणि त्या साली गवताला भाव नव्हता. पण अण्णा निर्धास्त होते, कारण धाकटीचा विमा होता. चांगला, पूर्ण विमा! दर दसऱ्याला पूजा आटोपली की अण्णा हप्ता भरत. "इतकी वर्षं आमी त्यांना दिलं, आता त्यांची पाळी," असं म्हणत त्यांनी ह्यांच्याकडून कंपनीला इंग्रजीत पत्र लिहून घेतलं.

उत्तर आलं. ह्यांनी ते अंगणातच वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबून म्हणाले, "अण्णा, आपण जरा आंब्यापलीकडे जाऊ या." तिथं जाऊन त्यांनी हळू आवाजात अर्थ सांगितला. कंपनीचं म्हणणं असं, की गाडी इतकी जुनी, की तिच्या किमतीहून दुरुस्तीचाच खर्च जास्त. तेव्हा बाजारात तिचे जे काही चार पैसे येतील ते घ्या आणि गाडी भंगार म्हणून आमच्या ताब्यात द्या.

"भंगार?" अण्णा ओरडले आणि लगेच तोंडावर हात ठेवून गाडीकडे बघायला लागले.

मग सुरू झालं युद्ध! रोज संध्याकाळी हे कामावरून आले, की अण्णा आमच्या ओसरीवर हजर. "लिहा, ड्राफ्समनसाहेब! लिहा, की तुमच्या आजीला पडसं झालं तर तुमी तिला मोडीत घालता काय?" हे इंग्रजीत एवढंच लिहीत, की आम्ही आपल्याशी सहमत नाही. "लिहिलंत ना आजीचं?" "लिहिलं." "कडक लिहिलंत ना?" "फार कडक." आळीत येणारा-जाणारा विचारी, "काय म्हणते कंपनी?" मी स्वतः इतकी पेटले होते, की पोस्टमन दिसला की हातातली भाजी टाकून धावायची. आणि एक दिवस उत्तर आलं! आमचा माणूस येऊन गाडी बघेल, दुरुस्त होण्याजोगी असेल तर खर्च मंजूर करू. अण्णांनी आनंदानं ह्यांना उचललंच. खाली ठेवेपर्यंत हे शिंकत होते, कारण अण्णांच्या सदऱ्यावर गवत.

आता कुणी बघायला येणार म्हटल्यावर काय करायचं असतं, हे काय कुणी शिकवावं लागतं? सगळी आळी कामाला लागली. नवापूरहून पांडू तांडेल आला. होडी त्याची होती, आणि आपल्या होडीनं अण्णांच्या गाडीचं नाक चेपलं, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. "आमची होडी तिथं नसती तं असा झाला नसता," असं म्हणत तो होड्या बांधणारा सुतारच घेऊन आला. दोघांनी ठोकून ठोकून नाक बाहेर काढलं. फटी होडीच्या बुजवतात तशा कापूस आणि तेल घालून बुजवल्या. लोंबता दिवा जाळ्याच्या दोरीनं बांधला. वर होडीचा उरलेला निळा रंग फासला. मी रांगोळीनं काचा घासल्या, शेजारच्या काकूंनी हार घातला. गाडी अशी काही दिसायला लागली, की अण्णांनी तिची दृष्ट काढली.

हे कामावरून परस्पर कंपनीच्या साहेबांना घ्यायला स्टेशनवर गेले होते. साहेबांना घेऊन फाटकातून आत आले, गाडी बघितली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, नुकसान दाखवायचंय! मुलगी नाही दाखवायची!"

साहेब किरकोळ अंगाचे, हातात छत्री. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अपघात झालेली गाडी कुठंय?"

"हीच की," अण्णा म्हणाले.

"मग काय झालंय हिला?"

गाडी समोरच होती, ऐकत होती. अण्णांनी छाती काढून सांगितलं, "काय पण नाय!"

मी कपाळावर हात मारला. पांडू तांडेलाच्या मात्र लख्ख ध्यानात आलं, की घोटाळा झाला. "थांबा सायेब, आता दाखवतो!" म्हणून तो फटींतला कापूस उपटायला लागला. सुतारानं हातोडा उचलला, नाक परत आत घालायला. "हात लावशील तर बघ!" करत अण्णा मध्ये आडवे पडले. काकू म्हणाल्या, माझा हार तरी काढा. असा गोंधळ मी आयुष्यात बघितला नाही.

शेवटी अण्णांनी साहेबांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आंब्यापलीकडे नेलं. डॉक्टरला नातेवाईक सांगतात तसं हलक्या आवाजात सांगायला लागले, "नाक पार आत गेलं होतं साहेब. डावा दिवा दोरीवर हाय. पाणी घातलं तर पोटात ठरत नाय, सगळं खाली. तिला सांगितलं नाय आमी." थोड्या वेळानं साहेबही कुजबुजायला लागले. "आणि पुढचा आस?" "वाकलाय. हळू बोला!" मग साहेबांनी येऊन अगदी अलगद गाडीचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि एक वाळका बोंबील बाहेर काढला. त्याच्याकडे बघत राहिले, आणि हसायला लागले. हसू आवरेना त्यांना. छत्रीवर रेलून हसले.

आम्ही जिंकलो होतो! माईंनी पापलेट तळलं होतं, तांदळाची भाकरी होती. साहेब जेवून ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "राऊत, ही गाडी भंगारात जायची नाही. मी दुरुस्तीची शिफारस करतो." पांडूनं टाळीच वाजवली. "फक्त एक राहिलं," साहेबांनी पेन काढलं. "अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं? तुम्हीच ना? तेवढं लिहून सही करा, की झालं."

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काय त्यात!

अण्णा पेन हातात घेऊन नुसते बसले. मी बघितलं तर माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्यांना भराभर मान हलवून खुणावत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. मला वाटलं, माईंनाही घाई झालीय. अण्णांनी माईंकडे बराच वेळ बघितलं. मग पेन साहेबांच्या हातात परत दिलं.

"राहू द्या साहेब. दावा मागं घेतो."

अहो, काय म्हणावं या माणसाला! ह्यांनी समजावलं, साहेबांनी समजावलं, काकूंनी तर शपथ घातली. अण्णा आपले एकच, "नको. पैसे नको." साहेब शेवटच्या गाडीला धावले. पांडू तांडेल तेवढा खाली मान घालून हत्यारं गोळा करत होता.

आळीनं अण्णांना वेड्यात काढलं. मला तर इतका राग आला होता, की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. भाजी टाकून पोस्टमनमागं धावले होते मी! शेवटी न राहवून एका सकाळी मागल्या दारी गेले. अण्णा गासड्यांच्या दोऱ्या वळत बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, एका सहीसाठी गाडी घालवलीत. आता ती कधी चालणार? का केलंत असं?"

दोरी वळता वळताच अण्णा म्हणाले, "गाडी मी चालवत नव्हतो, सूनबाई. थोरली चालवत होती."

मी तिथंच पायरीवर बसले.

"केळव्याची पोर ती. लग्नाआधी बापाची केळ्यांची बैलगाडी एकटी हाकत पालघर स्टेशनला न्यायची. तिची गाडी म्हणे कुणाला पुढं जाऊ देत नसे. माझ्या घरी आली आणि मागं बसली. बैलगाडीत मागं, मोटारीत पण मागं. मी कधी विचारलं नाय. त्या दिवशी नवापूरच्या पुळणीवर ओहोटी होती, सगळं मोकळं होतं. अचानक म्हणाली, मला द्या हो जरा. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं काय मागितलं असेल तर हेच. दिली. अशी सोडली तिनं गाडी, सूनबाई! पदर मागं उडतोय, आणि हसतेय. लग्नात पण अशी हसली नव्हती. मी तिच्याकडेच बघत बसलो, म्हणून होडी दिसली नाय."

"पांडूला माहीत होतं?"

"कोळीवाड्याला सगळ्यालाच. कोण बोललं नाय."

"मग लिहायचं होतं, मीच चालवत होतो म्हणून," मी म्हटलं. "माई तर तेच सांगत होत्या. खरं सांगून पैसे मिळणार नव्हते, लायसन कुठंय त्यांच्याकडे. पण खोटी एक सही... कुणाचं काय बिघडलं असतं?"

अण्णांच्या हातातली दोरी थांबली.

"पाऊण मैल चालवली तिनं. सही केली असती तर तो पाऊण मैल माझ्या नावावर गेला असता. तिच्या नावावर दुसरं हाय काय?"

तेवढ्यात माई चहा घेऊन आल्या. कपाळावरचं टेंगूळ उतरलं होतं, हिरवट डाग तेवढा राहिला होता. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं. कप माझ्या हातात दिला आणि आत न जाता तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. असं त्या कधी बसत नसत.

"तुला येते का गं गाडी चालवायला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो, माई."

"सोपी असते," माई म्हणाल्या.