ढोलेकाकांचं ‘सेट’

ढोलेकाकांनी ‘सेट झालं’ म्हटलं, की लगेच आनंद व्यक्त करू नये. आधी काकूंकडे पाहावं.

नागपूरच्या बेसा भागात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे निवृत्त हेडक्लार्क. इंग्रजीतला हा एक शब्द त्यांनी नोकरीत कमावला आणि पेन्शनसारखा आजतागायत पुरवून वापरतात. दही लागलं, सेट. कवळी बसली, सेट. पुतण्याचं लग्न जमलं तेव्हा पुतण्या सेट, आणि बायकोपुढे त्याची बोलती बंद झाली तेव्हा तर ‘एकदम सेट’. गल्लीतल्या गुरुजींना घाटावर पोचवून आले तेव्हा चपला काढत म्हणाले, “सेट झाले गुरुजी.”

“अवो, मेल्या माणसाबद्दल तरी धड बोला!” कुसुमकाकू आतून कडाडल्या. काकू बोलल्या की काका ऐकत आणि आम्हीही ऐकत असू. इलाजच नव्हता.

जानेवारीत काकू घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण साखर फार वाढलेली. घरी कधी सोडतील, पुन्हा चालतील का, डॉक्टर काहीच नक्की सांगेनात.

“हाड सेट झालं ना?” मी सोबत असताना काकांनी विचारलं.

“हाड झालं, पण—”

“मंग माणूसही सेट होते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना राहू देत नाहीत, म्हणून काकूंची बहीण तिथे थांबली. भेटीची वेळ संपली की काका मुकाट घरी येत; जेवणाचा डबा आमच्याकडून जाई.

एका सकाळी त्यांच्या खिडकीतला कुलर धडधडायला लागला. नागपुरात मार्च उजाडल्याशिवाय कुलरवरची ताडपत्री कोणी काढत नाही. गल्लीचं एकमत झालं की काकांचं डोकं फिरलं. बायकोने मला पिटाळलं.

काका कानटोपी घालून, शाल लपेटून त्या वाऱ्यात कुडकुडत बसले होते.

“काका, थंडीत कुलर? काहून?”

“पाणी नाही टाकलं गा. नुसता पंखा फिरून राहिला.”

“पण कशाले?”

त्यांनी शाल आणखी आवळली. “घरात आवाजच नाही कोणाचा. मले जेवण जात नाही.”

“मग काकूंना फोन करा ना!”

“डॉक्टरनं आराम सांगितला तिले.”

मीच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“कुलर काहून चालून राहिला?” काकूंनी पहिल्या झटक्यात ओळखलं. “थंडीचं समजत नाही का? सर्दी झाली तर मी येऊ का लंगडत? अन् डब्बा परत काहून पाठवला काल?”

काकांनी उठून कुलर बंद केला. काकू चांगल्याच तापल्या होत्या. शेवटी दम लागला म्हणून थांबल्या.

काका फोनवर वाकले आणि हळूच म्हणाले, “अजून बोल वं.”