पांगाऱ्याला गेरू

या, असे जवळ सरकून बसा. पेटी नाही, मृदंग नाही, तरी एका भाबड्या माणसाची गोष्ट सांगतो. मधे हसू आलं तर मोकळेपणी हसा. शेवटी मात्र माझं एक छोटं काम करायचं आहे. ते शेवटीच सांगेन.

चौऱ्याऐंशी सालचा मार्च महिना. आरे कॉलनीतल्या डेअरीच्या क्वार्टर्समध्ये दत्ताराम परब राहायचे. वय सत्तावन्न, डेअरीत क्लार्क. मारुतीच्या देवळात कीर्तन असलं की झांजा यांच्याच हातात. घरी बायको प्रेमा आणि लहानपणापासून सांभाळलेली पुतणी शुभा. शुभाने एका निसर्गसंस्थेच्या फेलोशिपसाठी अर्ज केला होता. दोन वर्षं जंगलात जाणत्यांच्या हाताखाली शिकायचं आणि मग रानं राखायच्या कामात स्वतः पुढे होऊन चार माणसांना बरोबर न्यायचं, अशी ती फेलोशिप. वर्षाला एकालाच मिळायची. नाही मिळाली तर वांद्र्याच्या एका कचेरीत टायपिस्टची जागा शुभासाठी ठरलेलीच होती.

"पुढारी होतला आमचा शुभा," काका डेअरीभर सांगत सुटले. "भाषणा करणारो न्हय हां. झाडांचो पुढारी!"

अभ्यासासाठी शुभाने घरामागचं अर्धं वाळलेलं पांगाऱ्याचं झाड निवडलं होतं. वर्षभर ती वही घेऊन त्याच्याखाली बसली. सालीतल्या प्रत्येक भोकाशेजारी तिने खडूने आकडा घातला. कुठल्या भोकात मुंग्या, कुठल्यात पाल, कुठे कोळी, सगळं वहीत. वाळक्या फांदीतलं भोक शेवटचं, एक्केचाळीस नंबरचं. त्यात तांबट पक्ष्याची तीन पिलं होती. निवड समिती रविवारी अकरा वाजता हे झाड बघायला येणार होती.

शनिवारी शुभा चित्रं पुरी करायला बोरिवलीला मैत्रिणीकडे गेली आणि तिथेच राहिली. जाताना झाडाबद्दल घरात काही बोलली नाही. वाळक्या झाडाला कोण कशाला हात लावील?

त्या संध्याकाळी देवळात बुवांनी आख्यान लावलं होतं. देव घरी आला, तेव्हा घरची बाई आनंदाने इतकी भान हरपली की केळं सोलून गर बाजूला टाकत गेली आणि देवाच्या हातावर सालंच ठेवत राहिली. देवाने तीही गोड मानली. काकांचे डोळे भरून आले. झांजा पिशवीत घालता घालता ते म्हणाले, "प्रेमा, उद्या आपल्याकडे समिती येतली. आणि त्या झाडाची कळा बघलंस?"

डेअरीत मोठा साहेब येणार असला की काय करतात ते काकांनी तीस वर्षं पाहिलं होतं. वाटेवरच्या प्रत्येक झाडाला माणूसभर गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. मग घरच्या पाहुण्यांना त्याहून कमी कसं चालेल? रविवारी उजाडताच त्यांनी माळ्याला, धोंडूला, बोलावून आणलं.

"भाऊ, हे आकडे कसले?" धोंडूने विचारलं.

"शुभाचे. पण सगळे वहीत उतरवन घेतल्यान हत. पक्की नोंद झाली की कच्चो कागद फाडूचो असता. पूस!"

"आणि भोकं?"

"ती मातीन बुजव. गेरू कसो एकसारखो बसाक व्हयो."

धोंडूने चाळीस भोकं लिंपली आणि वर गेरू ओढला. झाड नव्या नवरदेवासारखं दिसू लागलं. सावलीत खुर्च्या मांडल्या, टेबलावर हार आणि नारळ ठेवले. काका स्वतः पाहुण्याच्या खुर्चीत बसून बघायला गेले, तेव्हा वर नजर गेली.

"अरे, ही वाळकी फांदी समितीतल्या बाईंच्या डोक्यार पडली तर? काढ आधी!"

फांदी खाली पसरलेल्या पेंढ्यावर पडली आणि आतून चिरचिर ऐकू आली. नेमकी तेव्हाच साडेआठच्या बसने शुभा आली. तिने गेरू पाहिला, खुर्च्या पाहिल्या.

"एक्केचाळीस नंबर कुठाय, काका?"

"काय गो?"

"फांदी, काका! फांदी!"

तिने भोकात बोट घातलं. एक पिलू गेलं होतं, दोन जिवंत होती. समोरच्या तारेवर तांबटाची जोडी गप्प बसली होती. काकांनी टोपीने डोळे पुसले.

"माका वाटला..." ते म्हणाले.

"रडायचं नंतर बघू," शुभा म्हणाली. "आधी फांदी परत वर गेली पाहिजे."

काथ्याच्या दोरीने फांदी बांधली, पण ती फिरून भोक खोडाकडे जायचं. धोंडू लोखंडी पट्टी आणायला जोगेश्वरीला पळाला. तोवर कुणीतरी फांदी धरून बसायला हवं होतं.

"मी धरतंय," काका म्हणाले आणि इस्त्रीच्या धोतरासकट झाडावर चढले.

"ओ, उतरा! हाडां मोडतली!" प्रेमाकाकी खालून ओरडली.

"गप रव. पाखरां भियातली."

रविवारी दुकानं बंद, म्हणून धोंडू काही वेळेत परतला नाही. समिती मात्र बरोबर अकराला आली. मृणालिनीबाई आणि श्यामसुंदरराव, दोघंच. प्रेमाकाकीने हार पुढे केले. बाईंनी वर बघितलं.

"ते वर कोण आहेत?"

"माझे काका," शुभा म्हणाली. "फांदी धरून बसलेत. कापायलाही त्यांनीच लावली." आणि तिने सगळं सांगून टाकलं, काही न झाकता.

श्यामसुंदररावांनी वही उघडली. "एक ते चाळीस कुठे आहेत?"

"गेरूखाली."

इकडे भोकं लिंपल्यामुळे बेघर झालेल्या मुंग्या नवी जागा शोधत निघाल्या होत्या आणि ती त्यांना काकांच्या धोतरात सापडली. काकांचा चेहरा गेरूसारखा झाला, पण हात हलले नाहीत. खिशात चार पानांचं स्वागताचं भाषण होतं. जन्मात कधी दहा मिनिटं गप्प न बसलेला माणूस तोंड मिटून बसला होता. इतक्यात तांबट उडून आला, काकांच्या टोपीवर बसला, त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि चोचीतलं फळ पिलांना भरवून गेला.

"हलू नका हं, काका," मृणालिनीबाई हळूच म्हणाल्या आणि खुर्ची मागे घेऊन बघत बसल्या.

साडेबाराला धोंडू पट्टी घेऊन आला, तोवर पक्ष्यांनी अकरा खेपा केल्या. काका उतरले तेव्हा मुंग्या चावून पायांवर गांधी उठल्या होत्या. पाहुण्यांनी नमस्कार केला आणि ते निघून गेले. "भाषण ऱ्हवला," काका पुटपुटले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नोंदी झाडावर पडताळता आल्या नाहीत, म्हणून यंदाची फेलोशिप दुसऱ्या उमेदवाराला दिली होती. खाली शाईने एक ओळ होती. 'झाडावरच्या गृहस्थांना आम्ही दोघांनी एकमताने निवडलं असतं. पण वयाची अट पंचवीसची आहे.'

शुभा खळखळून हसली. काका हसले नाहीत.

"मीच तुझो घास काढलंय गो बाय. देवाक सालां चलतत. तुका कशी चलतली?"

"दोन पिलं उडाली ना, काका," ती म्हणाली आणि सोमवारी वांद्र्याच्या कचेरीत रुजू झाली.

काकांनी महिनाभर बसून काकीच्या केसांतल्या आकड्याने चाळीस भोकं कोरून मोकळी केली आणि पुन्हा खडूने नंबर घातले. पुढे डेअरीत साहेब येणार असला की ते पांगाऱ्याला पाठ लावून उभे राहायचे. गेरूवाल्यांना म्हणायचे, "आधी माका फासा, मगे झाडाक."

आता ते मघाचं काम. कमरेपर्यंत गेरू फासलेलं झाड कुठे दिसलं, तर काकांना खुशाल हसा, त्यांची ना नाही. पण वांद्र्याच्या कचेरीत भर दुपारी टाइपरायटर थांबवून, खिडकीबाहेरच्या तांबटाची टुकटुक ऐकत बसणाऱ्या शुभाची तेवढी आठवण काढा.